उपकाराची फेड कोणाच्या दारी?

राजारामपुरी, कोल्हापूर
शास्त्रपाठ : लूक १७ : ११–१९



२६ जून जवळ आला म्हणजे आमच्या या कोल्हापुरात व भोवतालच्या खेड्यापाड्यांत दरवर्षी लगबग सुरू होते. शाळांच्या मुलांच्या फेऱ्या निघतात, दसरा चौकातील पुतळ्यास हार चढतात, गावोगावी चावडीपुढे तसबीर मांडून भाषणे होतात. हा दिवस छत्रपती शाहू महाराजांच्या जन्माचा होय. १८७४ साली कागलच्या घाटगे घराण्यात ते जन्मले; १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले; १८९४ साली त्यांनी राज्यकारभार हाती घेतला; आणि ६ मे १९२२ रोजी, वयाची अठ्ठेचाळीस वर्षे पुरी होण्याच्या आतच, मुंबईत त्यांचा अंत झाला. ज्या राजारामपुरीत बसून आम्ही हे लिहीत आहो, तिला त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांचे नाव आहे.

२०२२ साली महाराजांच्या निधनास शंभर वर्षे पुरी झाली. त्या निमित्ताने १८ एप्रिलपासून २२ मेपर्यंत या जिल्ह्यात कृतज्ञता पर्व पाळण्यात आले. बंद पडलेल्या शाहू मिलच्या आवारात प्रदर्शने मांडली गेली, व्याख्याने झाली. ६ मे रोजी सकाळी दहा वाजता लोक जेथे होते तेथे शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले. आम्हीही त्या वेळी राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर, एका दुकानाच्या पायरीपाशी उभे होतो. त्या शंभर सेकंदांत आमच्या मनात काय आले ते पुढे सांगू. कारण ते सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे.

प्रथम एका प्रश्नाचे उत्तर देणे अवश्य आहे. खेड्यांतील काही उपदेशक बंधू आम्हांस विचारतात, “गावात असा दिवस पाळतात तेव्हा आपल्या मंडळीने काय करावे? महाराज ख्रिस्ती नव्हते. त्यांच्या तसबिरीपुढे आपण उभे राहावे काय?” हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्यास हसण्यावारी नेता येत नाही. यावर आमचे उत्तर असे की, ज्याचा मान त्यास द्यावा, हे पौलाने रोम येथील मंडळीस स्पष्ट लिहून ठेवले आहे. कोरेश राजा परमेश्वरास ओळखीत नव्हता, तरी परमेश्वराने त्याचा हात धरून आपल्या बंदिवान लोकांची सुटका करविली, असे यशया सांगतो. देव आपली कामे केवळ आपल्या मंडळीच्या माणसांकडूनच करवून घेतो असे जो समजतो, त्याने देवास आपल्या मंदिराएवढाच लहान केले आहे.

तसेच दुसरेही ध्यानात ठेवावे. लुस्त्र गावी लोकांनी पौल व बर्णबा यांस देव समजून हार व बैल आणले, तेव्हा त्या दोघांनी आपली वस्त्रे फाडली व आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहो असे ओरडून सांगितले. तेव्हा मान द्यावा, परंतु पूजा करू नये. यात महाराजांचा काही अनादर नाही. उलट, माणसाचा देव केला म्हणजे त्याचे अनुकरण करण्याचे ओझे आपल्या खांद्यावरून उतरते. “ते देवमाणूस होते, आपल्याने ते कसे होणार?” असे म्हणून आपण नारळ फोडून घरी जातो. ज्यास आपण माणूस मानतो, त्याच्यासारखे वागण्याचे कर्ज मात्र आपल्यावर राहते.

आता शास्त्रपाठाकडे वळू. प्रभू येशू शोमरोन व गालील यांच्या सीमेवरून यरुशलेमेस जात असता एका गावात दहा कुष्ठरोगी त्याला भेटले. ते दूर उभे राहिले, असे लूक आवर्जून लिहितो. दूर उभे राहणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. तो त्यांच्यावर घातलेला नियम होता. जवळ यावयाचे नाही, विहिरीवर जावयाचे नाही, कोणाच्या भांड्यास हात लावावयाचा नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांस हे दूर उभे राहणे समजावून सांगण्याची गरज पडली नसती. त्या दहांनी दुरूनच हाक मारली. प्रभूने त्यांस याजकांकडे पाठविले, व वाटेने जाता जाता ते शुद्ध झाले. दहांपैकी एकच परत फिरला आणि प्रभूच्या पायांवर पालथा पडला. तो शोमरोनी होता. मग बाकीचे नऊ कोठे आहेत, असा प्रश्न प्रभूने केला.

त्या नवांविषयी आम्ही पुष्कळ वेळा उपदेश केला, आणि ते कृतघ्न होते एवढे म्हणून थांबलो. परंतु ते कोठे गेले असतील याचा नीट विचार करावा. ते याजकाकडे गेले असतील; त्यांस तसे सांगितलेच होते. याजकाने त्यांस शुद्ध ठरविले असेल. मग ते गावात शिरले असतील, विहिरीवर गेले असतील, पंक्तीत बसले असतील. आणि एकदा आत शिरल्यावर, कालपर्यंत आपण दूर उभे होतो याची आठवणही त्यांस नकोशी झाली असेल. बंधूंनो, ज्यास आत घेतले जाते त्याला बाहेरची जागा फार लवकर विसरते. कृतघ्नपणा बहुधा येथूनच सुरू होतो. आपण कोठे उभे होतो हे विसरले म्हणजे आपल्याला हात देणाराही आपोआप विसरतो.

महाराजांनी आत घेण्याचे काम कसे केले ते पाहा. १८९९ साली पंचगंगेवर स्नानाच्या वेळी, आपल्यासाठी वेदोक्त मंत्र म्हटले जात नाहीत असे त्यांस कळून आले. गादीवर बसलेल्या राजाससुद्धा जन्मावरून खालचे ठरविण्यात आले. हा अपमान त्यांस लागला. परंतु पुढे ते स्वतःच्या मानापुरतेच भांडत राहिले नाहीत. जो काटा आपल्या पायात रुतला, तो दुसऱ्यांच्या पायांत किती खोल गेला असेल हे त्यांनी ओळखले. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानातील नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि मुलांस शाळेत न धाडणाऱ्या आईबापांस दंड ठेवला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांबरोबर बसवावी असे ठरविले. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण डॉक्टर आंबेडकरांस लोकांपुढे आणिले व हा तुमचा पुढारी आहे असे सांगितले.

शिकावयास शहरात येणाऱ्या मुलांनी राहावे कोठे? यासाठी त्यांनी मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य, शिंपी, दैवज्ञ अशा नाना समाजांच्या विद्यार्थ्यांची वसतिगृहे उभी करविली. त्या मालिकेत भारतीय ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे वसतिगृहही होते. १८५२ साली कोल्हापुरास आलेल्या वाइल्डर साहेबांचे नाव आपण कृतज्ञतेने घेतो. त्यांच्या नावाचे मंदिर आजही या शहरात उभे आहे. ते नाव घ्यावेच. परंतु आपल्या घरांत अक्षर आले ते केवळ मिशनच्या दिव्याने, असे सांगताना हा दुसरा दिवा झाकून ठेवू नये.

आणि राधानगरी? भोगावती नदीवरील त्या धरणाचे काम महाराजांनी आरंभिले, परंतु पैशाअभावी ते थांबले व त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. ते पुरे व्हावयास स्वराज्य यावे लागले. आज त्या पाण्यावर ज्यांचा ऊस उभा आहे, त्यांस ठाऊक आहे की पेरणाऱ्याने ते पीक पाहिले नाही. मोशेनेही वचनदत्त देश डोंगरावरूनच पाहिला.

आता एक लहान गोष्ट सांगतो. ती या जिल्ह्यात सर्वांस ठाऊक आहे; परंतु पुष्कळ वेळा ऐकलेली गोष्टच आपण नीट ऐकलेली नसते. गंगाराम कांबळे नावाचे एक महार गृहस्थ महाराजांच्या पदरी पागेत चाकरीस होते. सवर्ण नोकरांच्या हौदातील पाण्यास हात लावला म्हणून त्यांस बेदम मारण्यात आले. गाऱ्हाणे महाराजांच्या कानी गेले. महाराजांनी मारणारांस शिक्षा केली, आणि गंगारामांस चाकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा काढण्यास मदत दिली. गंगारामांनी शहरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान थाटले. त्यावर ‘सत्यसुधारक’ अशी पाटी होती. दुकान स्वच्छ, चहा चांगला. परंतु महाराच्या हातचा चहा प्यावयास कोण येणार? गिऱ्हाइके फिरकेनात.

येथे महाराजांस हुकूम काढता आला असता. हुकूम काढण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. परंतु चहा प्या असा हुकूम काढून कोणाच्या मनातील विटाळ जात नाही. म्हणून महाराजांची गाडी त्या दुकानापुढे थांबू लागली. सर्वांच्या देखत ते गंगारामांस चहा आणावयास सांगत, स्वतः पीत, आणि बरोबरच्या मंडळींसही पाजीत. राजाने घेतलेला पेला बरोबरच्यांनी कसा नाकारावा?

बंधुभगिनींनो, पन्नास टक्के जागांच्या हुकुमास कागद, शाई व मोहोर लागली. या कामास स्वतःचे ओठ लागले. पहिले काम राजावाचून कोणासही करता आले नसते. दुसरे काम तुम्हांस व आम्हांस उद्या सकाळी करता येते.

आणि पुढे काय झाले? महाराज गेल्यावर त्यांच्या स्मारकासाठी ज्यांनी पुढाकार घेतला, त्यांत हे चहावाले गंगाराम कांबळे अग्रभागी होते. नर्सरी बागेत अस्पृश्य समाजाच्या लोकांनी आपल्या गरिबीतून महाराजांचे स्मारक उभे केले. ज्यांनी वतने खाल्ली, इनामे घेतली, मानाची आसने भूषविली, असे लोक राज्यात पुष्कळ होते. परत फिरला तो शोमरोनी.

आता त्या ६ मेच्या सकाळी आमच्या मनात जे आले ते सांगतो. सांगताना लाज वाटते, परंतु पाळकाने स्वतःचे झाकून लोकांचे उघडे करणे बरे नव्हे.

त्याच्या काही वर्षे पूर्वी आम्ही एका खेड्यातील लहान मंडळीत उपासनेसाठी गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. मंडळीत दोन प्रकारची घरे होती. दोन्ही घराणी आजोबांच्या काळी ख्रिस्ती झालेली. परंतु पूर्वीच्या जाती निरनिराळ्या, आणि एक आपणांस दुसऱ्याहून वरची समजणारी. आमचा मुक्काम वरच्या म्हणविणाऱ्यांकडे होता. उपासना आटोपल्यावर दुसऱ्या वस्तीतील एक विधवा आजी पुढे आल्या व म्हणाल्या, “पाळकसाहेब, माझ्याकडं चहाला या.” आम्ही यजमानांच्या तोंडाकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत. नुसते दुसरीकडे पाहू लागले. आम्ही आजींस म्हणालो, “आजी, आत्ताच चहा झाला. पुढच्या खेपेस नक्की येईन.” चहा झाला नव्हता. आजी बरे म्हणून परत गेल्या. त्या दिवशीच्या आमच्या उपदेशाचा विषय ख्रिस्तातील ऐक्य हा होता.

राजारामपुरीच्या रस्त्यावर स्तब्ध उभे असता ते सर्व आमच्यापुढे उभे राहिले. आम्ही कोणास मान देत आहो? ज्याने मुद्दाम गाडी थांबवून चहा मागितला त्यास. आणि मान देणारे आम्ही कोण? ज्याने दारात आलेला चहा खोटे बोलून परतविला तो. शंभर सेकंद फार लांबले.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अंत्युखियाची गोष्ट आहे. पेत्र तेथे परराष्ट्रीय बंधूंबरोबर जेवीत असे. यरुशलेमेहून काही प्रतिष्ठित मंडळी आली, तेव्हा त्यांस भिऊन तो मागे सरला व वेगळा राहू लागला. त्याचे पाहून बाकीचे यहूदी बंधूही मागे सरले, बर्णबासुद्धा. पेत्राच्या उपदेशात काही चूक होती असे पौल म्हणत नाही. चूक पंक्तीत होती. म्हणून पौलाने त्यास सर्वांसमक्ष तोंडावर दोष दिला. सुवार्ता व्यासपीठावर सरळ चालून ताटापाशी वाकडी झाली, तर ती वाकडीच झाली असे प्रेषिताचे मत आहे. आणि त्या गोष्टीत आमचाच दोष सर्वांत मोठा दिसतो. कारण पुढारी मागे सरला की मंडळी मागे सरते.

तो महिना संपण्यापूर्वी आम्ही त्या गावी गेलो. कोणास न कळविता त्या आजींच्या ओसरीवर जाऊन बसलो व म्हणालो, “आजी, त्या दिवशी मी खोटे बोललो. मला क्षमा करा, आणि जमल्यास आज चहा द्या.” त्या काही वेळ चुलीपाशी पाठमोऱ्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “त्या दिवशी दूध उसनं आणलं हुतं, साहेब. मग पोरांनी पिलं.” एवढेच बोलल्या. रागे भरल्या नाहीत, रडल्याही नाहीत. आम्हांस चहा दिला. पेला बशीसह होता. घरात बशी एकच असावी, कारण आजींनी स्वतः वाटीतून घेतला. आमच्या सर्व सेवाकाळात इतका महाग चहा आम्ही प्यालो नाही.

त्या दिवसापासून यजमानांचे मन पालटले असे आम्हांस लिहिता येत नाही. ते काही महिने आमच्याशी तुटक वागले. एका पेल्याने जात मोडत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु तो पेला नाकारल्याने ती वाचते, हेही आम्ही पाहिले आहे.

म्हणून, प्रिय मंडळ्यांनो, उपकाराची फेड कोणाच्या दारी करावयाची हा प्रश्न आहे. महाराज आता कोणाचा चहा प्यावयास येणार नाहीत. त्यांच्या पुतळ्यास आपल्या हाराची गरज नाही. उपकार करणारा पुष्कळदा फेड घेण्यास उरतच नाही. म्हणून ती फेड त्याच्या दारी नव्हे, तर आज जो दूर उभा आहे त्याच्या दारी नेऊन द्यावी लागते. आपल्या प्रभूनेही आपल्यावरील ऋणाची हीच रीत ठरविली आहे. त्याने भुकेल्यांस, तान्हेल्यांस व परक्यांस आपल्या जागी उभे केले, आणि त्यांच्यासाठी जे केले ते माझ्यासाठी केले असे धरण्याचे वचन दिले.

येत्या २६ जूनसाठी उपदेशक बंधूंस व बायबल शिकविणाऱ्या भगिनींस आमची नम्र सूचना अशी. गावात सभा असेल तर तीस जावे, मागच्या बाजूस नव्हे तर लोकांत बसावे. बोलावयास सांगितले तर महाराजांचे उपकार मोकळ्या मनाने सांगावे. मंडळीतील मुलांस गंगाराम कांबळ्यांची गोष्ट सांगावी, व त्याच बैठकीत लूकचा हा पाठ वाचावा.

परंतु एवढ्यावर थांबू नये. त्या दिवशी संध्याकाळी प्रत्येकाने आपल्या मंडळीतील अशा एका घराचा विचार करावा, ज्या घरी आपण सुखदुःखास जातो पण पाणी पीत नाही. कदाचित ते घर आपल्याहून खालचे समजले जाते. कदाचित नव्याने प्रभूकडे आले आहे व त्यांच्या बायकांस अजून आपले गीत नीट म्हणता येत नाही. कदाचित ते ऊसतोडीवर येणारे बिऱ्हाड आहे आणि पुढच्या हंगामास ते येथे नसेलही. त्या घरी जावे. काही देण्यास जाऊ नये. देणारा नेहमी वर उभा असतो. मागावयास जावे. “थोडा चहा मिळेल काय?” एवढेच म्हणावे. आणि पंच, पाळक, शिक्षक यांनी हे रात्री गुपचूप नव्हे, तर दिवसा, लोकांच्या देखत करावे; कारण महाराजांची गाडी भर रस्त्यात थांबत असे.

प्रभुभोजनाच्या मेजाशी आपण एका भाकरीचे भागीदार होतो. ती भाकर मेजावर एक, आणि घरी गेल्यावर दोन, असे होऊ नये. ज्याने शोमरी स्त्रीजवळ विहिरीवर स्वतः पाणी मागितले, तो आपला प्रभू आहे. देणारा असूनही तो मागणारा झाला. त्याच्या मागे चालणारांस कोणाच्याही पेल्याची लाज वाटू नये.

हे दयाळू पित्या, आम्ही दूर उभे होतो तेव्हा तू आम्हांस जवळ घेतलेस. ज्यांच्या हातांनी तू आम्हांस विद्या, पाणी व मान दिलास, त्यांची आठवण आमच्यात ताजी ठेव. आम्ही कोणास दूर उभे केले असेल तर त्याचे दार आम्हांस दाखीव, आणि तेथवर चालत जाण्याचे धैर्य दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने. आमेन.